मागच्या रांगेत उजवीकडून पहिली

५ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून गंगापूर रोडवरील एका संगणक वर्गात छायाचित्र-संपादनाच्या प्राथमिक अभ्यासक्रमास जाऊ लागलो. स्वागतकक्षातील मुलीने मला पाहताच, "पालकांना शनिवारी भेटता येतं, सर," असे सांगितले. विद्यार्थी मीच आहे हे कळल्यावर तिने हसू दाबून माहिती विचारली. शिक्षण बी. कॉम. हे चटकन सांगितले. व्यवसाय सांगताना मात्र अडखळलो. सातपूरच्या कारखान्यातील लेखाविभाग सोडून वर्ष होत आले, तरी 'निवृत्त' हा शब्द अजून दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो.

प्रवेशाचे कारण हर्षालीच्या लग्नाचा अल्बम. लग्न मे महिन्यात झाले, अल्बम जुलैत हाती आला. त्यात एका पानावर माझा फेटा भगवा आहे आणि पुढच्या पानावर तोच फेटा गुलाबी. सर्व कुटुंबाचा जो मुख्य फोटो, त्यात मंडपाचा खांब डावीकडे कललेला. मी हे फोटोग्राफरच्या निदर्शनास आणून दिले तेव्हा तो म्हणाला, "काका, एवढं बारीक कोण बघतं? तुम्हीच शिकून घ्या ना एडिटिंग." त्याने ते उपहासाने म्हटले होते. मी ते सूचना म्हणून स्वीकारले.

वर्गात सगळी मुले अठरा-वीस वर्षांची. शिकवणाऱ्या तृप्ती मॅडम हर्षालीहून लहान असाव्यात. माझ्या शेजारी निकिता नावाची मुलगी बसते. तिने पहिल्याच तासाला गंभीरपणे सांगितले, "काका, माउस उलटा धरलाय तुम्ही." मी तो फिरवून पाहिला. ती गंमत होती हे मला रिक्षात बसल्यावर उमगले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज फोटो कापणे व सरळ करणे शिकलो. मुख्य फोटोतील खांब सरळ झाला याचे समाधान वाटले. परंतु फोटो फिरवला की कडा छाटल्या जातात, आणि त्यात सौ.च्या मावशींचा अर्धा हात गेला. तृप्ती मॅडम म्हणाल्या, "सरळ करायचा तर कडेचं कोणीतरी जाणारच, काका. म्हणून फोटो घेतानाच सगळ्यांना नीट आत घ्यायचं असतं." उपयुक्त सूचना आहे.

निकिताने पडद्यात डोकावून विचारले, "यात तुमच्या आई कोणत्या?"

"त्या प्रकृतीमुळे येऊ शकल्या नाहीत," असे मी सांगितले.

हे उत्तर बरोबर आहे. तपशील येथे लिहून ठेवतो, म्हणजे तो मनात पुन्हा पुन्हा तपासत बसावे लागणार नाही. आई सायखेड्यास माझ्या धाकट्या भावाकडे, गोरक्षकडे, राहते. गेले वर्षभर तिला विसर पडतो. साखरपुड्यात तिने हर्षालीच्या होणाऱ्या सासूबाईंना "तुम्ही कोणाकडच्या वो?" असे थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारले, आणि ताटातले पेढे पदराच्या गाठीत बांधले. सासरची पुण्याची मंडळी हसली. वाईट हेतूने नव्हे. त्यानंतर मी डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांचे नेमके शब्द असे होते: "गर्दीत त्यांच्यासोबत कायम कोणीतरी असू द्या." लग्नाच्या धावपळीत असे कोणी मोकळे असणे शक्य नव्हते. सबब आईने गावीच राहावे असे मी ठरवले. तिच्यापाशी थांबायची तयारी गोरक्षने दाखवली. तो सकाळी हळदीला येऊन दुपारीच परत गेला, त्याची बायकोमुले थांबली. व्यवस्था सर्वांच्या सोयीची होती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आजचा विषय लेयर आणि मास्क. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेली पारदर्शक पाने. एका पानावर एक माणूस, दुसऱ्यावर दुसरा, आणि वरून पाहणाऱ्यास ती एकत्र उभी दिसतात. मास्क हा पडदा. नको तो भाग पुसायचा नाही, झाकायचा.

"डिलीट नाही करायचं," मॅडमनी दोनदा बजावले. "झाकलेलं परत आणता येतं. पुसलेलं येत नाही."

गृहपाठ असा: एखाद्या सामूहिक फोटोत, जी व्यक्ती तेव्हा हजर नव्हती ती आणून उभी करायची. मुलांनी लगेच नटनट्या आणि क्रिकेटपटू शोधायला घेतले. निकिताने स्वतःच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका सिंहाला बसवायचे ठरवले. "आमच्या हेडसरांच्या शेजारी, काका. कोण कोणाला घाबरतंय ते बघा."

मला कोणीही शोधावे लागले नाही. संध्याकाळी गोरक्षला फोन करून आईचा एखादा उभा फोटो मागवला. कशासाठी, हे त्याने विचारले नाही. तो सहसा विचारत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

गोरक्षने पाठवलेला फोटो कांदे साठवायच्या नव्या चाळीच्या पूजेच्या वेळचा आहे. आई उन्हाकडे तोंड करून उभी, डोळे बारीक केलेले, एक हात चाळीच्या लाकडी बल्लीवर. बल्ली झाकल्यावर तो हात हवेत अधांतरी राहिला. त्यामुळे तिला मागच्या रांगेत उजवीकडे अगदी कडेला उभे केले आणि हात सौ.च्या मावशींच्या खांद्याआड नेला. तिथे गर्दी कमी असल्याने कामही सोपे होते. केसांची कड सर्वांत अवघड. आईचे केस विरळ आणि उडते आहेत, ब्रश फार बारीक घ्यावा लागला. उन्हाचा पिवळेपणा उतरवून मंडपाच्या दिव्यांचा रंग तिच्या चेहऱ्यावर चढवला.

तृप्ती मॅडमनी फोटो मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखवला. "हे बघा. कामातला प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. सांगितलं नाही तर कुणाला कळणारसुद्धा नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. लेखाविभागात एवढी वर्षे काढली, तिथे कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

घरी येऊन सौ.ला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"छान जमलाय," ती म्हणाली. "पण भिंतीवर नको लावायला."

कारण विचारले, तर ती दाणे भाजायला निघून गेली.

२४ ऑगस्ट, रविवार

फोटो गोरक्षला पाठवला. आईला बरे वाटेल, हा हेतू. लगेच त्याचा फोन आला.

"दादा, लय भारी झालाय फोटो. एकदम खरा वाटू ऱ्हायला. पण आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. नुसता दाखव."

"दाखवतो," तो म्हणाला. "बाकी सगळे झ्याक दिसू ऱ्हायले. मावशीबाईंचा हात लांब झालाय थोडा."

मी पुन्हा तपासून पाहिले. हाताची लांबी योग्य आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

आईने गोरक्षकरवी त्या फोटोची गावातल्या स्टुडिओतून मोठी प्रत काढून घेतली, काचेत बसवली आणि ओसरीवर लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती नातीच्या लग्नाची हकिकत सांगते. हर्षालीने वाकून नमस्कार केला, जावई उंच आहे पण पायांना हात लावताना पार जमिनीपर्यंत वाकला, मंडपात गार वाऱ्याचे पंखे होते, असे सर्व. ही माहिती तिला गोरक्षच्या बायकोकडून मिळाली असणार. परंतु आई ती स्वतः पाहिल्याप्रमाणे सांगते.

"रंगून सांगती," गोरक्ष म्हणाला. "मी मध्ये बोललो नाय."

मी दुपारी ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. अशा आजारात स्मृतीतील रिकाम्या जागा मन आपल्याआप भरून काढते, आणि समोर एखादे चित्र असेल तर ते काम आणखी सोपे होते, असे ते म्हणाले. रागावून दुरुस्त करू नका, असेही म्हणाले.

म्हणजे मी तिच्या मनात एक न घडलेली गोष्ट नेऊन ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी खऱ्या आहेत की नाहीत हे तपासण्याचा पगार घेतला, आणि स्वतः केलेली पहिली खोटी नोंद आईच्या डोक्यात केली. आता ती खोडायची कशी, हे मला ठाऊक नाही. जेवण गेले नाही. सौ.ने कारण विचारले नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

हर्षालीचा पुण्याहून फोन. गोरक्षने फोटो स्टेटसला लावला होता.

"पप्पा, आजी कधी आली होती?"

"नव्हती आली. तो क्लासमधला सराव आहे."

"सराव?"

मग म्हणाली, "डॉक्टरांनी तिला आणायला नको म्हटलंय, असं तुम्ही मला सांगितलं होतं. नक्की काय म्हणाले होते ते?"

मी डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. दुसरे काही सांगता आले असते. सुचले नाही.

"'कोणीतरी असू द्या' म्हणाले? आणि तुम्ही मला 'आणू नका' सांगितलंत?"

"अगं, त्या धावपळीत तिच्याजवळ बसणार कोण?"

"मी. स्टेजवर माझ्या शेजारी एक खुर्ची टाकली असतीत तर काय झालं असतं? नवरी काय पळत असते का? आख्खा दिवस एका जागी तर बसून होते मी."

खुर्चीचा विचार मी खरोखर केला नव्हता.

"आणि पप्पा, आजीला घातलंत ते घातलंत. काका कुठे आहेत?"

फोन ठेवल्यावर मी फोटो पुन्हा उघडला. गोरक्ष त्यात नाही. एवढे दिवस केसांची एकेक कड मोठी करून पाहत होतो आणि सख्खा भाऊ नाही हे माझ्या लक्षात आले नाही. त्याने फोनवर "बाकी सगळे" म्हटले होते.

४ सप्टेंबर, गुरुवार

वर्गास गेलो नाही. मॅडमना प्रकृती बरी नसल्याचे कळवले. हेही खरे नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज वडिलांचे पित्तर. सौ. व मी सकाळीच सायखेड्यास गेलो. गोदावरीला पाणी भरपूर आहे. आईला सर्व खरे सांगायचे आणि फोटो उतरवून आणायचा, असे मी ठरवले होते. सौ.ला वाटेत तसे बोललो. ती म्हणाली, "उतरवा. पण तुमच्यासाठी उतरवू नका." मला तिचे म्हणणे नीट कळले नाही.

ओसरीवर पाऊल ठेवताच तो दिसला. वडिलांच्या तसबिरीशेजारी.

जेवणे झाल्यावर शेजारच्या सुमनबाई पान खायला आल्या. आईच्या वयाच्या आहेत. जीभ धारदार. बसता बसता फोटोकडे मान करून म्हणाल्या, "आज बरा सापडला लेक. काय जयरामभाऊ, खरंच नेलं व्हतं का म्हातारीला लग्नाला? का नुसतीच फेकू ऱ्हायली ही?"

मी तोंड उघडले. हीच वेळ होती. पण माझ्या आधी आईच बोलली.

"त्याला काय इचारती? पोरीच्या बापाला त्या दिवशी मान वर करायला सवड व्हती का?"

"मग मला सांग, दिवेलागणीला तू वट्यावर लसूण सोलत बसली व्हती ती कोण? मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं."

"मीच व्हते. मग? माझ्या लेकानं गाडी पाठवली उशिरा. तू आठाला घोरती, तुला काय दिसणार? आम्ही पोचलो तवर अक्षता पडल्या व्हत्या. म्हणून तर कडेला उभी हाय बघ, जागाच नव्हती."

गोरक्ष सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला. मी डॉक्टरांचे शब्द आठवत होतो. रिकामी जागा मन किती बारकाईने भरते, हे मी समोर पाहत होतो. कडेला उभे असण्याचे कारणसुद्धा तिने तयार केले होते.

सुमनबाई उठून फोटोजवळ गेल्या. काचेवर बोट टेकवले. "गाडी आली, बरं. अन् नातीच्या लग्नाला हे असलं लुगडं नेसून गेली? हे तर तुझं चाळीवरचं लुगडं. ह्याच्यावर तू शेण काढती."

आईने पदर नीट केला, पुन्हा नीट केला, आणि माझ्याकडे पाहिले.

"असू दे बाई," सुमनबाई हसून म्हणाल्या, "गेली असशील," आणि पान तोंडात टाकून निघून गेल्या.

आई आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने हाक आली, "जयराम, इकडं ये. दार लोट."

मी दार लोटले.

"कसलं लुगडं घातलं रे मला?"

"आई, तो फोटो..."

"चाळीच्या पूजेचा हाय. मी नेसले व्हते, मला ठावं नसंल?"

मी विचारले, "म्हणजे तू लग्नाला नव्हतीस, हे तुला..."

"मला इसर पडतो, जयराम. पण नातीचं लगीन झालं अन् मी घरात व्हते, हे इसरंल का मी?" ती पलंगाच्या कडेला बसली. "मे महिन्यापासून लोकं इचारू ऱ्हायले. देवळात, गिरणीवर, दवाखान्यात. मोठ्या लेकानं तुला कशी नाय नेली म्हणून. काय सांगायचं? लेकाला माझी लाज वाटली, असं सांगू?"

लाज. हा शब्द मी या दैनंदिनीत आजवर एकदाही लिहिलेला नाही. प्रकृती लिहिले, धावपळ लिहिले, सोय लिहिले.

"मी म्हणायची, मलाच ताप आलता. कोणाला पटंना. मग तू फोटो धाडला. मी म्हणले, चला, काहीतरी धाडलं. आता बोलायला तोंड झालं."

"आई, चुकलं माझं."

"ते मागून बोल. ऊन हाय तवर दुसरा फोटो काढ. लुगडं बदलते."

लग्नासाठी गोरक्षच्या बायकोने येवल्याहून तिला मोरपंखी लुगडे आणले होते, हे मला आज कळले. घडी मोडलेली नव्हती. नेसून यायला तिला बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा उंबऱ्यात थांबून गोंधळून सर्वांकडे पाहू लागली. "कुठं जायचं हाय?" तिने विचारले. मग माझ्या हातातला मोबाइल तिला दिसला. "हां. फोटो," ती म्हणाली आणि भिंतीशी ताठ उभी राहिली.

मंडपातील दिवे डावीकडे होते, म्हणून तिला दाराच्या उजेडाकडे डावी बाजू करून उभे केले. तिने विचारले, "कुठं उभी करशील मला?"

"तू सांग."

"कडेला नको. हर्षालीच्या शेजारी. अन् गोरक्षालाबी घे. माझ्यापायी तोबी ऱ्हायला."

"मला फेटा बांधून घे, दादा," गोरक्ष म्हणाला. "नायतर टकलावर उजेड पडून सगळा फोटो पांढरा व्हईल." तो हसला. त्याच्या बायकोने उपरण्याचाच फेटा बांधला. दोनतीन फोटो हलले. ते मी कोणाला दाखवले नाहीत.

निघताना सौ. आईच्या पाया पडली आणि पुष्कळ वेळ उठली नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा वर्गास गेलो. तृप्ती मॅडमनी प्रकृतीची चौकशी केली. बरी आहे म्हणालो.

हर्षालीच्या शेजारी मूळ फोटोत मी आहे. तिने माझ्या दंडाला धरले आहे. आईसाठी जागा करायची तर मला हलवणे भाग होते. स्वतःची कड आखून घेतली. आपला चेहरा एवढा मोठा करून मी कधी पाहिला नव्हता. हजार पाहुण्यांकडे पाहून हसणारा, काही चुकले नसल्याची खात्री असलेला माणूस. त्याला उचलून आईच्या जुन्या जागी, मागच्या रांगेत कडेला नेऊन ठेवले. गोरक्षला सौ.च्या पलीकडे उभे केले. त्याचा फेटा इतरांच्या रंगाचा केला.

सर्वांत अवघड भाग हर्षालीच्या बोटांचा होता. ती माझ्या दंडावर होती, ती आईच्या कोपरावर आणायची होती. एकेक बोट वेगळे झाकून, वेगळे उघडून, पदराच्या काठावर बसवले. पूर्ण तास त्यातच गेला.

निकिताने सिंहाचे काम सोडून इकडे पाहिले. "काका, तुम्ही मागे का गेलात?"

"जागा हवी होती."

"ही आजी वेगळी दिसतेय. आधी डोळे बारीक केलेले होते. आता कुणाकडे तरी बघतायत."

त्या वेळी मोबाइलच्या मागे मी होतो. हे तिला सांगितले नाही. मॅडम आल्या, हर्षालीची बोटे बारकाईने पाहिली आणि म्हणाल्या, "परफेक्ट." या वेळी टाळ्या नव्हत्या, आणि असत्या तर मला त्या सहन झाल्या नसत्या. पहिला फोटो मी अजाणता खोटा केला होता, असे निदान म्हणता येते. हा जाणूनबुजून केला आहे, आणि पहिल्याहून कितीतरी चांगला केला आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हर्षालीला सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले. दसऱ्याला ती व जावई सायखेड्यास जाणार आहेत. तिथून ती इथे येईल की नाही, हे मी विचारले नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

दुपारी गोरक्षच्या फोनवरून आई बोलली. नवीन फोटो काचेत बसला आहे. जुना तिने स्वतः काढून फडताळात ठेवला. सुमनबाई येऊन पाहून गेल्या.

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, दोन फोटो, दोन लुगडी, कशी गं? मी म्हणले, गाडीतून उतरले ते चाळीवरच्याच लुगड्यात. घाई केली ना लेकानं. मग जयरामच म्हणाला, आई, चांगलं नेस, अन् माझ्या पोरीशेजारी उभी ऱ्हा. गप बसली." आई समाधानाने हसली. मी असे काहीही म्हणालो नव्हतो. माझ्या तोंडी घालायची वाक्येही तीच शोधते आहे.

"आई, आता पुरे कर. कोणी विचारलं तर माझं नाव सांग. चूक माझी होती म्हणून सांग."

"तू गप. मी येगळ्या कामासाठी फोन केलाय. सुमन उद्या परत येणार हाय. तिनं इचारलं, जेवायला काय काय व्हतं? मी म्हणले, दमले आता, उद्या सांगते." तिचा आवाज खाली आला. "काय व्हतं रे?"

लग्न होऊन चार महिने उलटले. या काळात अल्बममधील फेट्याच्या रंगाविषयी मी पुष्कळ लोकांशी बोललो. आईशी त्या लग्नाविषयी एक वाक्य बोललो नव्हतो.

मी सांगू लागलो. मसालेभात, मठ्ठा, बटाट्याची भाजी, अळूचे फदफदे, जिलेबी. "हळू सांग," ती म्हणाली, "ध्यानात ऱ्हात नाय." मी हळू सांगितले. मग तिने अक्षतांचे विचारले, मामाचे विचारले, पाठवणीच्या वेळी कोण रडले ते विचारले. मी रडलो होतो, हे सांगितले. "मला ठावं हाय, तू लहानपणापासून रडका," ती म्हणाली. स्वयंपाकघरातून सौ. येऊन दारात उभी राहिली, तरी मी सांगत राहिलो.

"अन् मी कुठं बसले व्हते?" आईने विचारले.

तिला विसर पडला होता, की ती उद्याची तयारी करत होती, हे मला आवाजावरून ओळखता आले नाही.

"स्टेजवर," मी म्हणालो. "हर्षालीच्या शेजारी. खुर्ची टाकली होती."

"कसली खुर्ची? नीट सांग. सुमन लय खोदून इचारती."

"लाल गादीची," मी म्हणालो.

"हात टेकायला व्हतं का?"

"होतं."

"बरं झालं," आई म्हणाली. "लय वेळ बसावं लागलं असंल."